भरमार, एनफिल्ड आणि नळीतल्या खाचा

गडचिरोलीत चकमक झाली किंवा कुणी आत्मसमर्पण केले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक ठरावीक छायाचित्र येते. कापडावर ओळीने मांडलेली शस्त्रे, मागे उभे असलेले अधिकारी. बातमीत यादी असते : एके-४७, एसएलआर, इन्सास, थ्री-नॉट-थ्री, बारा बोअर. आणि यादीच्या अगदी शेवटी, बहुतेक वेळा, 'भरमार'. तिथवर पोचेतो वाचणाऱ्याचे लक्ष उडालेले असते. एके-४७ कुणाची, कुठून आली, याची चर्चा होते. भरमार कुठून आली हे कुणी विचारत नाही. ती जणू जंगलातच उगवते, मोहासारखी.

भरमार म्हणजे ठासणीची बंदूक. तोंडाकडून दारू ओतायची, वर बोळा, मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा बोळा, आणि हे सगळे लोखंडी किंवा लाकडी गजाने ठासायचे. मागच्या बाजूला नळीला एक बारीक भोक असते. जुन्या मराठीत त्याला 'कान' म्हणत आणि त्यात घालायच्या दारूला 'रंजक'. तोड्याच्या बंदुकीत जळती वात त्या कानाशी नेत. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी ठिणगी पाडी. ठासणीच्या बंदुकीचा शेवटचा आणि सर्वांत सुधारलेला प्रकार टोपीचा. कानावर एक छोटी पोकळ खुंटी बसवलेली असते, तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी चढवायची, घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी खुंटीतून आत. आज चंद्रपूर-गडचिरोलीत जिला भरमार म्हणतात ती हीच.

या बंदुका आपल्या हातातून गेल्या, तोंडातून मात्र गेल्या नाहीत. 'ठासून भरलेला', 'फुसका बार', 'लग्नाचा बार उडवला' हे सगळे शब्दप्रयोग तोंडाकडून भरायच्या हत्याराशी सहज जुळतात. मागून काडतूस सरकवायच्या बंदुकीने मराठीला असे काही दिल्याचे मला आठवत नाही.

टोपीच्या या युक्तीचे मूळ स्कॉटलंडमधल्या एका पाद्र्याकडे जाते. अलेक्झांडर फोर्सिथ त्याचे नाव. चकमकीची ठिणगी पडते, धूर निघतो आणि बार उडायच्या आत बदके उडून जातात, या वैतागातून त्याने आघाताने पेटणाऱ्या द्रव्याचा वापर केला आणि १८०७ मध्ये पेटंट घेतले. तांब्याची टोपी पुढच्या दीडेक दशकात आली. फोर्सिथ हे आडनाव लक्षात ठेवावे. या जंगलांच्या संदर्भात ते पुन्हा येणार आहे, पण माणूस दुसरा.

बंदूक आणि रायफल यांतला फरक बोलण्यात आपण पाळत नाही, पण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत आतून पेचदार खाचा कोरलेल्या असतात. गोळी त्या खाचांत रुतून बाहेर पडते, त्यामुळे भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरते आणि फिरणारा भोवरा जसा ताठ राहतो तशी सरळ जाते. खाचांचे हे ज्ञान युरोपात काही शतके जुने होते. अडचण भरण्याची होती. गोळी खाचांत रुतायची तर ती घट्ट हवी, आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठोकत ठोकत आत घालायला वेळ लागतो. शिकाऱ्याला ते परवडते, शिपायाला नाही. १८४९ च्या सुमारास मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या गोळीने हा प्रश्न सोडवला. गोळी नळीहून थोडी बारीक आणि बुडाशी पोकळ. आत सहज घसरते. बार उडाला की बूड फुगते आणि खाचा धरते.

या कल्पनेवर ब्रिटिशांनी १८५३ ची एनफिल्ड रायफल बांधली. नळी ३९ इंच लांब, भोक ०.५७७ इंचाचे, आत तीन खाचा. ७८ इंचांत एक पूर्ण वळसा असा खाचांचा पीळ. म्हणजे नळीच्या लांबीत बरोबर अर्धा. गोळी तोंडाबाहेर पडेपर्यंत फक्त अर्धी गिरकी घेते, आणि तेवढी तिला पुरते. वरची नेमपट्टी ९०० यार्डांपर्यंत खुणांची होती. आधीच्या गुळगुळीत बंदुकीने शंभर यार्डांपलीकडच्या माणसाला नेम धरणे म्हणजे नशिबाचा भाग होता.

तिचे दुसरे वैशिष्ट्य मला जास्त महत्त्वाचे वाटते. १८५४ मध्ये ब्रिटिशांनी अमेरिकेतले बंदूक-कारखाने पाहायला माणसे पाठवली आणि तिथून यंत्रे विकत आणून लंडनजवळच्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात बसवली. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथून ज्या रायफली निघू लागल्या त्यांचे भाग एकमेकांत बदलता येत. एकीचा घोडा दुसरीला चालतो, एकीचा स्क्रू दुसरीत बसतो. त्याच नमुन्याच्या रायफली बर्मिंगहॅमचे कारागीर मात्र हाताने कानस मारून जुळवत. दोन्ही लांबून एकसारख्या दिसतात. कुलुपाच्या पट्टीवर, म्हणजे घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसवलेला असतो तिच्यावर, 'एनफिल्ड' कोरले असेल तर ती सरकारी कारखान्यातली. 'टॉवर' असेल तर बहुधा ठेकेदारांकडून आलेली. 'टॉवर'चे स्क्रू काढताना कुठला कुठे होता हे लिहून ठेवावे लागते, कारण तिच्यातला प्रत्येक स्क्रू आपल्याच भोकाचा असतो.

हिंदुस्थानात ही रायफल आली आणि पुढे काय झाले ते शाळेच्या पुस्तकात आहे : दातांनी फाडायची कागदी काडतुसे, त्यांना लावलेली चरबी, जानेवारी १८५७ मध्ये डमडमला पसरलेली कुजबुज. त्याच्या खोलात जात नाही. चांद्याकडे येऊ.

चांदा १८५४ मध्ये नागपूरच्या राज्याबरोबर ब्रिटिश अमलात आले होते. मार्च १८५८ मध्ये, म्हणजे उत्तरेतला वणवा विझत आला असताना, मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी राजगड परगण्यात उठाव केला. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना मिळाले. गोंड आणि रोहिले असे त्यांचे सैन्य होते. २९ एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारायंत्र खात्याच्या तळावर त्यांनी छापा घातला. गार्टलंड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले, पीटर हा तिसरा निसटला आणि डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्यापर्यंत पोचला. शेवटी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यामार्फत बाबुराव इंग्रजांच्या हाती लागले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात त्यांना फाशी झाली. चंद्रपूरच्या तुरुंगातला पिंपळ आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

या उठावाची आठवण आपण शौर्यकथा म्हणून ठेवली आहे आणि ते योग्यच आहे. सरकारने मात्र त्या दोन वर्षांतून वेगळाच धडा घेतला. तो त्याच्या बंदुकांच्या नळ्यांत दिसतो.

उठाव शमल्यावर प्रश्न आला की हिंदी शिपायाच्या हाती काय द्यायचे. एनफिल्ड रायफल देणे धोक्याचे. काहीच न देणे अशक्य, कारण राज्य त्याच्याच जिवावर चालणार. तेव्हा मार्ग काढला तो असा : दिसायला एनफिल्डच, पण आतल्या खाचा नाहीत. १८५८ च्या नमुन्यात नळी आतून घासून मोठी केली, ०.५७७ इंचाची जवळपास ०.६५ झाली आणि खाचा नाहीशा झाल्या. नळीची भिंत त्यामुळे इतकी पातळ झाली की नुसत्या धक्क्याने पोचे पडू लागले. म्हणून १८५९ मध्ये जाड भिंतीची, मुळातच गुळगुळीत अशी नवी नळी काढावी लागली. वरची ९०० यार्डांची नेमपट्टी गेली, तिच्या जागी एक ठोकळा आला. दूरचा नेम धरायचाच नाही तर पट्टी कशाला?

एखाद्या राज्याने आपल्या शिपायावरचा अविश्वास इतक्या मोजमापानिशी लिहून ठेवल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. ही इंचाच्या शतांशातली गोष्ट आहे. पुढे वर्षानुवर्षे हिंदी पलटणींना एक पिढी मागचे हत्यार मिळत राहिले. गोऱ्या शिपायाकडे मार्टिनी आली तेव्हा हिंदी शिपायाकडे स्नायडर.

आता दुसरा फोर्सिथ. कॅप्टन जेम्स फोर्सिथ मध्य प्रांतात अधिकारी होता. हा प्रांत १८६१ मध्ये झाला आणि चांदा जिल्हा त्याच्यातच होता. 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे त्याचे पुस्तक १८७१ मध्ये निघाले आणि सातपुड्याच्या जंगलांवर लिहिणारा प्रत्येक जण आजही त्याचा आधार घेतो. पण त्याआधी, १८६३ मध्ये, त्याने निव्वळ शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक पुस्तक लिहिले होते. जंगलात जनावर दिसते तेच जवळून, झाडीतून, क्षणभर. तिथे हजार यार्डांची बारीक लांब गोळी काय कामाची? मोठ्या तोंडाची नळी, गोल गोळी, भरपूर दारू, आणि खाचांचा पीळ अगदी सैल, म्हणजे गोळी खाचा सोडून घसरणार नाही आणि वेगही मारला जाणार नाही, असे त्याचे म्हणणे. ठासणीच्या रायफलीवर इतके नेमके कुणी क्वचितच लिहिले असेल.

हे सगळे त्याला सुचले ते याच मुलखाच्या अनुभवातून. हाकेवाले गोंड, वाटाडे कोरकू, आणि हातात रायफल साहेबाच्या. खाचांचा पीळ किती सैल असावा याचा विचार एक अधिकारी करत होता, त्याच वर्षांत हिंदी शिपायांच्या बंदुकीतल्या खाचाच काढून टाकल्या गेल्या होत्या. फोर्सिथला दोष देण्याचे कारण नाही, तो चांगला निरीक्षक होता. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.

शिपायानंतर नागरिक. १८६० मध्ये शस्त्रकायदा झाला, आणि १८७८ मध्ये लिटनच्या काळातला प्रसिद्ध शस्त्रकायदा. परवान्याशिवाय बंदूक नाही, युरोपियनांना मात्र सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत होते, आणि त्यांतला रोख बंदुकीपेक्षा अपमानावर जास्त होता.

स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये नवा कायदा आला. वांशिक सूट गेली. पण त्याच्या तेराव्या कलमात परवाना देण्याविषयी जे म्हटले आहे ते वाचण्यासारखे आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच शेतकऱ्याला दुसरी गुळगुळीत बंदूक मिळू शकते. म्हणजे १९५९ मध्ये, अणुभट्टी चालू झालेल्या देशात, शेतकऱ्याचे हत्यार म्हणून कायद्याने ठरवले ते १८५९ चे. त्यामागचे तर्क चुकीचे होते असे मी म्हणत नाही. एक बार उडवला की पुन्हा भरायला वेळ लागणारी बंदूक डुकराला पळवायला पुरते आणि दंगलीला अपुरी पडते. पण हा तर्क शंभर वर्षांपूर्वी कुणी केला होता हे माहीत असावे.

धानाचे पीक निसवू लागले की या जिल्ह्यांत शेतावर जागल सुरू होते. मचाणावर रात्र काढायची, डबा वाजवायचा, शेकोटी धगधगती ठेवायची. रानडुकरांचा कळप एका रात्रीत जे करतो ते पाहिलेल्या माणसाला बंदूक का हवी असते हे सांगावे लागत नाही. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर बंदुकीचा परवाना असला तरी डुकराला मारायला वेगळी परवानगी लागते. ताडोब्यात तर शिकारबंदी त्याच्याही आधीची, १९३५ ची. मग हातात उरला तो आवाज. कायदेशीर भरमार घरात असलेला शेतकरीही रात्री हवेत बार काढतो, कळप शेजारच्या शेतात जातो, आणि तिथे तो शेजारी आपला डबा वाजवतो. २०२१ पासून छत्तीसगडकडून रानहत्ती गडचिरोलीत येऊ लागले आहेत. त्यांच्यापुढे या आवाजाचे काय चालणार?

परवान्याच्या भरमारी थोड्या, बिनपरवान्याच्या जास्त. त्या गावातल्या किंवा जवळच्या लोहाराच्या हातच्या. १९८० नंतर नक्षल दलम या भागात आले आणि यांतल्या कितीतरी बंदुका त्यांच्या गावपातळीवरच्या माणसांच्या हाती गेल्या. म्हणून ती यादी आणि म्हणून तिच्या शेवटी भरमार. डुकराला भिवविण्यासाठी केलेली वस्तू अशा रीतीने युद्धाच्या छायाचित्रात जाऊन बसली. अलीकडच्या वर्षांत पोलिसांच्या आवाहनावरून गावकरी स्वतःहून अशा बंदुका आणून देत असल्याच्या बातम्याही नियमित येतात.

कारखान्यातली आणि लोहाराची यांत खरा फरक कोणता? देखणेपणा नव्हे. लोहाराची बंदूकही कधीकधी देखणी असते. फरक कसोटीचा आहे. बर्मिंगहॅमला १८१३ पासून सरकारमान्य कसोटीघर आहे. तिथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात आणि नळी टिकली तरच तिच्यावर शिक्का मारतात. आपल्याकडेही मुंगेरच्या परवानाधारक कारखान्यांत ठासणीच्या बंदुका बनत आल्या आहेत. मीर कासिमने १७६० च्या दशकात तिथे शस्त्रशाळा काढली, तिची ही दूरची नातवंडे. त्यांच्याही नळ्यांची कसोटी घेऊन शिक्का मारावा लागतो. गावच्या भरमारीची कसोटी ती वापरणाऱ्याच्या गालाशी होते. जिम कॉर्बेटची पहिली बंदूक ठासणीची दुनळी होती, उजवी नळी फुटलेली, आणि दस्ता पितळी तारेने बांधलेला. पोराने तसल्या बंदुकीवर जंगल शिकले हे वाचायला गोड वाटते. ज्यांच्या हातात नळी फुटली त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत.

आता समजा एखादी कारखान्यात बनलेली जुनी ठासणीची रायफल वारशाने किंवा रीतसर खरेदीने समोर आली. २००३ मध्ये काठमांडूच्या राजवाड्यातला जुना शस्त्रसाठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला, तेव्हा एनफिल्डच्या नमुन्यावर नेपाळात बनलेल्या रायफलींसह हजारो हत्यारे गंज आणि वंगणाच्या थरांखालून निघाली. तिकडे ती घरोघरी साफ करणाऱ्या हौशी माणसांची एक जमातच तयार झाली आहे. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकीला १९६८ च्या केंद्रीय शस्त्रकायद्यातून बहुतांशी सूट असल्यामुळे ही हौस सहज परवडते. आपल्याकडे पहिली पायरी परवाना आणि पोलीस ठाणे हीच आहे.

दुसरी पायरी : ती भरलेली आहे असेच धरून चालायचे. दीडशे वर्षे जुन्या नळ्यांत बार तसाच राहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत, आणि काळी दारू कोरडी राहिली तर मरत नाही. लाकडी काठी नळीत शेवटपर्यंत घालून तोंडाशी खूण करायची आणि काठी बाहेरून नळीशेजारी धरून पाहायची. तिचे टोक टोपीच्या खुंटीपर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. तिथे थांबायचे आणि परवानाधारक बंदूकसाजाला बोलवायचे.

मग गंज. काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग घन मळ होऊन मागे राहतो आणि तो हवेतली ओल शोषतो. जुन्या टोप्यांतून क्षारही मागे राहत. म्हणून खुंटीच्या भोवती आणि नळीच्या बुडाशी सर्वांत जास्त खड्डे दिसतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गडचिरोलीत जी हवा असते तिच्यात एका पावसाळ्यात काय होईल हे सांगायला नको. हा मळ तेलाने जात नाही, पाण्याने जातो. शिपाई गरम पाण्याने नळी धूत, कोरडी करत आणि मगच तेल लावत. गंजाचा बाहेरचा तपकिरी थर मात्र खरवडू नये. पॉलिश-कागद मारून चकचकीत केलेली एनफिल्ड मी पाहिली आहे : मुकुट अर्धा पुसलेला, तारखेचा शेवटचा आकडा गेलेला. नळी, कुलूप आणि लाकूड यांवरचे शिक्के हाच तिचा जन्मदाखला. कंपनीच्या काळातल्या कुलुपावर मुकुट धरलेला सिंह असतो, १८५८ नंतर राणीचा मुकुट. पितळी बूडपट्टीला चिंच आणि राख लावून देव्हाऱ्यातल्या समईसारखी घासण्याची आपली खोडही इथे आवरावी. त्या पट्टीवर पुष्कळदा पलटणीचा क्रमांक असतो.

दस्त्याच्या अक्रोडाला जवसाचे तेल. मूळ कारखान्यातही तेच लावत, आणि विदर्भात ते शोधायला लांब जायला नको. शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेल वाळत नाही, चिकट राहून धूळ धरते. जवसाचे वाळून पातळ कवच होते. हाताने, थेंब थेंब, दोन हातांमध्ये काही दिवस सोडून. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेतात.

शेवटी नळीत उजेड सोडून पाहायचे. तीन खाचा दिसल्या तर रायफल. गुळगुळीत आणि रुंद दिसली, नेमपट्टीच्या जागी ठोकळा असला, तर ती हिंदी शिपायासाठी बनवलेली. गुळगुळीत आहे पण पट्टी पूर्ण आहे, तर ती निरुपयोगी ठरल्यावर कुणीतरी छर्‍यांसाठी घासून विकलेली असणार. अशा कितीतरी विकल्या गेल्या. तीन नळ्या, तीन आयुष्ये, बाहेरून एकच बंदूक.

आणि इथेच कायदा पुन्हा मधे येतो. १९५९ च्या कायद्याचे पंचेचाळिसावे कलम जुनाट, पुराणवस्तू म्हणून मोलाच्या किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट देते, पण अट अशी की ते हत्यार दुरुस्तीने वा दुरुस्तीशिवाय बार काढण्याजोगे नसावे. म्हणजे नळी कायमची बंद झालेली असेल तर ती पुराणवस्तू, आणि तुम्ही तिला नीट केले तर शस्त्र. संग्राहक या कलमाला नावे ठेवतात. मला ते त्यांच्या दृष्टीनेही फारसे वाईट वाटत नाही. बार काढता यावा म्हणून नवी खुंटी, नवी कमान, घासलेली नळी असे करत गेले की हातात उरते ती चालणारी बंदूक. जुनी तेवढ्यात नाहीशी होते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असल्याने १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होऊ शकतो आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर जाऊ शकत नाही, हेही लक्षात असावे.

एनफिल्डची काळजी घेणारे जगभर आहेत. तिच्या प्रत्येक स्क्रूवर पुस्तके आहेत. एटापल्ली, धानोरा, भामरागडच्या भरमारीवर काही नाही. तिच्यावर ना शिक्का ना तारीख. ती जमा होते, पंचनाम्यात 'एक नग' म्हणून नोंदली जाते, आणि न्यायालयाचे काम संपले की तिची विल्हेवाट लागते. ते तसेच व्हावे, कारण रिकामी पडलेली बंदूक गावात राहणे कुणाच्याच हिताचे नाही. पण वितळवण्याआधी एक छायाचित्र, नळीची लांबी, भोकाचे माप, दस्त्याचे लाकूड कुठले, घोडा कशातून घडवला, ती कुठल्या गावची, एवढी नोंद करायला अर्धा तासही लागत नाही. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजबबंगल्यात, शस्त्रांचे दालन आहे. नळी बुजवलेली एकेक भरमार प्रत्येक तालुक्यातून तिथे गेली तर तलवारींच्या आणि कट्यारींच्या शेजारी या मुलखातल्या माणसाने स्वतः केलेले आणि स्वतःच्या शेतासाठी वापरलेले हत्यारही दिसेल.

तिथे पाहताना एक गोष्ट तपासावी. लोहाराच्या भरमारीच्या घोड्याचा बाक आणि चापाभोवतीच्या पट्टीचे वळण बऱ्याचदा एनफिल्डसारखे भासते. ज्याने हा आकार पहिल्यांदा उतरवला त्याने कुठेतरी, कुणाच्या तरी हातात, ती कारखान्यातली बंदूक पाहिली असेल का, हे मापे घेऊन शोधण्याजोगे आहे. नळीच्या आतले मात्र बाहेरून दिसत नाही.